काळं बटन

निजामाच्या राज्यात, फसली तेराशे चव्वेचाळीस साली, खडकवाडीच्या विठ्ठलराव देशमुखांच्या घरी वीज आली, ती बैलगाडीत बसून. परळीच्या ठेसनावर ती आगगाडीतून उतरली, मोमिनाबाद, केज करत पाच दिवसांनी नेकनूरला पोचली आणि तिथून दोन कोस हेलकावे खात दारात येऊन थांबली. गाडीत तारांचं एक भेंडोळं होतं, एक जडशीळ यंत्र होतं आणि भुसकटात निजवलेल्या सोळा मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. विठ्ठलरावांची बायको केसरबाई, तिनं गाडीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "लोणचं अजून घातलं न्हाई का?"

गाडीबरोबर हैदराबादेहून आलेला अजमतुल्ला मिस्त्री म्हणाला की यात लोणचं नसतं, तेजाब असतं, आणि कुणी बोट घालून चाखू नये. मग त्यानं सगळ्यांची बोटं एकदा नजरेनं मोजून घेतली.

ही सगळी उठाठेव जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या तालुकदार साहेबांसाठी होती. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बेस्तरवारी साहेबांचा दौरा या भागात होता आणि मुक्कामाला मांजरसुंब्याच्या सुंदररावांकडे जायचं की खडकवाडीला, हे ठरायचं होतं. सुंदररावांकडे ग्रामोफोन होता. विठ्ठलरावांनी कचेरीला लिहून टाकलं होतं की आमच्याकडे विजेचे दिवे आहेत, आणि मगच ते दिवे मागवले होते.

हे सगळं दगडाबाई आपल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. ती जातीची धनगर. निम्मं आयुष्य मेंढरांमागं बालाघाटाचे डोंगर तुडवण्यात गेलं, पण गेली अकरा वर्षं ती देशमुखांच्या घरी दिव्याचं काम करायची. चौदा कंदील. रोज दुपारी काचा राखेनं घासायच्या, वाती कातरायच्या, घासलेट भरायचं आणि दिवस कलला की लावायचे. बदल्यात दोन वेळची भाकरी, वर्षाला एक लुगडं आणि गोठ्याशेजारची ही खोली. सगळे तिला दिवेखोली म्हणत. खोलीला दार होतं. ज्याचं आयुष्य पालात गेलं त्यालाच दार म्हणजे काय ते कळतं. दगडाबाईचा नवरा सटवा त्या दाराआड बाजेवर पाय पसरून बसलेला असायचा, कारण त्याचा उजवा गुडघा आता वाकला की उघडत नसे आणि उघडला की वाकत नसे. असला गुडघा घेऊन मेंढरांमागं चालता येत नाही. मेंढरं थांबत नाहीत.

तीन दिवसांत मिस्त्रीनं तारा ओढल्या, सोप्यात आणि माजघरात मिळून सात दिवे टांगले आणि सोप्याच्या खांबावर पितळेची एक पट्टी ठोकली. पट्टीवर एकाखाली एक दोन गोल उंचवटे होते. वरचा पांढरा, शिंपल्याच्या पाठीसारखा चकाकणारा. खालचा काळा. विहिरीवरचं इंजिन दिवसभर चालवायचं, त्याच्या जोरावर बरण्या भरायच्या आणि संध्याकाळी बरण्यांनी दिवे पेटवायचे, असा एकूण बेत होता.

"हे बटन," मिस्त्री म्हणाला.

"सदऱ्याला आसतंय ते?" इंजिन चालवणाऱ्या सिदूनं विचारलं.

"हौ, तेच नाव."

"मंग हे खांबाला कावून लावलं?"

मिस्त्रीला हा प्रश्न आवडला. तो खाली बसला आणि त्यानं पानाची चंची काढली. "माझे उस्ताद रेल्वेच्या कारखान्यात होते. तिथल्या साहेबानं त्यांना सांगितलेलं. साहेब लोकांच्या मुलखात एक जुनी बोली होती. त्या बोलीत फांदीतून कळी बाहेर येती ना, तिला असा काही शब्द होता. कळी आतून ढकलत बाहेर येती. तर जे काही असं गोल वर आलेलं दिसलं, त्याला ते बटन म्हणायला लागले. आधी कोटावर आलं. मग भिंतीवर आलं."

"म्हंजे ही कळी हाय," केसरबाई पट्टीकडे बघत म्हणाली.

"कळीच समजा. पांढरी दाबली की उमलतं, काळी दाबली की मिटतं."

पांढरीचं सगळ्यांनी ऐकलं. काळीचं कुणी ऐकलं नाही.

मग मिस्त्रीनं सांगितलं की बरण्या अशा वाटेत ठेवून चालत नाहीत. त्यांना सावली पाहिजे, वारा पाहिजे आणि माणसं लांब पाहिजेत. विठ्ठलरावांनी सगळ्या घरावरून नजर फिरवली आणि ती दिवेखोलीवर येऊन थांबली.

"दगडाबाई."

"जी मालक."

"दिवे आता बटनानं लागायचे."

"व्हय."

"मंग कंदील ऱ्हात न्हाईत. आन कंदील न्हाईत म्हनल्यावर..." विठ्ठलराव थांबले. ते भले गृहस्थ होते, असली वाक्यं पुरी करत नसत. त्यासाठी त्यांनी पंडित नावाचा कारकून ठेवला होता.

"म्हनल्यावर खोली मोकळी करावी लागंल," पंडित म्हणाला. "लगीच न्हाई. तालुकदार साहेब येऊन गेले की."

दगडाबाई खोलीत आली. सटवा बाजेवर बसून सूत कातत होता.

"अवो, खोली सोडायची हाय."

"कावून?"

"बरण्या ऱ्हायला येनार हायेत."

"किती जनी?"

"सोळा."

सटवानं जरा विचार केला. "मंग आपुन दोघंच परवडलो आसतो की त्यास्नी," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला.

पहिल्या संध्याकाळी पांढरं बटन कुणी दाबायचं यावरून घरात वाद झाला. विठ्ठलराव म्हणाले घर माझं. केसरबाई म्हणाली सांजवात बाईमाणसानं लावायची असती. शेवटी दोघांनी एकेक बोट लावलं आणि एकदम दाबलं. सात दिवे लागले. सगळ्यांनी दिव्यांना हात जोडले. सिदूनं जरा उशिरा जोडले, कारण तो तोंड उघडं ठेवून वर बघत होता.

मिस्त्री नेकनूरला मावसभावाकडे निघून गेला. जेवणं झाली, गाव दिवे बघून घरी गेलं आणि मग निजायची वेळ आली.

दगडाबाई आपल्या दाराआड बसून सगळं ऐकत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, काम संपलं असं सांगितलेलंच होतं.

"दिवे न्हाई का मालवायचे?" विठ्ठलरावांचा आवाज आला.

"मालवा की."

"तू मालव."

"मी? नवऱ्याच्या घरातला दिवा मी माज्या हातानं घालवू? माज्या कपाळाला कुकू हाय अजून."

"मंग मी घालवू? माज्या बापाच्या घरचा?"

 मग विठ्ठलरावांनी सिदूला हाक मारली. सिदू इंजिनाला तेल घालायला विहिरीवर गेला होता. इंजिन केव्हाच थांबलं होतं, तरी गेला होता.

अडचण अशी होती की अकरा वर्षांत त्या घरातल्या एकाही माणसानं दिवा मालवलेला नव्हता. दिवे लागताना सगळे बघायचे, हात जोडायचे. जायचे कसे, हे कुणी विचारलं नव्हतं. घर निजलं की दगडाबाई उठायची आणि एकेका कंदिलापाशी जायची. ती कधी फुंकर मारत नसे. वात हलकेच खाली खाली करायची आणि ज्योतीला सांगायची, "जा बाई, माहेरी जाऊन ये. सांजंला ये." चौदा वेळा. सकाळी घर उठायचं तेव्हा कंदील थंड असायचे आणि सगळ्यांना वाटायचं, दिवे आपले आपणच जातात.

हे दिवे आपले आपण गेले नाहीत. ते पहाटेही होते. ऊन आलं तरी होते. विठ्ठलराव उजेडात उजेड बघत न्याहारीला बसले. मग दुपारच्या सुमाराला दिवे लाल झाले, चिंचोक्याएवढे झाले आणि गेले. संध्याकाळी पांढरं बटन सगळ्यांनी दाबलं. पंडितानं तर दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. काही झालं नाही.

मिस्त्री आला, बरण्यांवर वाकून आला आणि म्हणाला, "सोळाच्या सोळा रिकाम्या. बंद केलं नव्हतं?"

केसरबाईनं विठ्ठलरावांकडं बोट दाखवलं, विठ्ठलरावांनी केसरबाईकडं.

"काळं बटन काय नुसतं शोभेला लावलंय मी?"

"मिस्त्री," विठ्ठलराव गंभीरपणे म्हणाले, "एकच बटन आसतं तर बरं झालं आसतं."

बरण्या भरायला इंजिन दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत घरानं तोडगे काढले. काळं बटन काठीनं दाबावं, म्हणजे हात लागत नाही, असं पंडित म्हणाला. केसरबाईनं विचारलं की काठी कुणाच्या हातात आसनार. मग सिदूला धरून आणलं. तो घरचा नव्हता, त्यामुळं त्याला चालेल असं ठरलं. दिवे लागले त्या संध्याकाळी त्यानं डोळे मिटून काळं बटन दाबलं, सोपा अंधारला आणि सगळे सुखानं निजले. सकाळी सिदूची बायको छबुबाई पदर खोचून दारात उभी.

"माजं लेकरू रातभर तापलंय," ती म्हणाली. "तुमच्या घरचा दिवा माज्या मानसाच्या हातानं घालवता. ते पाप कुणाच्या दारात जानार? तुमच्या दाराला तर उंबरा हाय, आमच्या दाराला त्योबी न्हाई."

लेकरू दुपारी खेळायला लागलं, पण सिदूनं इंजिनाखेरीज कशालाही हात लावायचं सोडलं. त्या संध्याकाळी मिस्त्रीनं जाता जाता दिवे बंद केले. पण मिस्त्री दौरा झाला की हैदराबादला परत जाणार होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पट्टीचे स्क्रू काढून आत तेल दिलं. दगडाबाई त्याला पाणी घेऊन गेली आणि तिथंच उभी राहिली.

"मिस्त्री, काळं दाबलं की दिवा जातो कुटं?"

"कुठंच जात नाही. इकडे बघा." त्यानं आतल्या दोन पितळी पात्या दाखवल्या. पांढरं दाबलं, पात्या एकमेकींना चिकटल्या. काळं दाबलं, सुटल्या. "ही वाट. जोडली की बरणीतलं दिव्यापर्यंत येतं. तोडली की बरणीतलं बरणीत राहतं. बस्स."

"म्हंजे मरत न्हाई."

"मरतं ते उघडं ठेवलं तर. पहिल्या दिवशी मेलं ना? काळं दाबणारा त्याला वाचवतो, बाई."

दगडाबाईनं रिकामा तांब्या उचलला आणि ती खोलीत आली. सटवा झोपला होता. तिनं दाराला कडी घातली आणि बसून राहिली. हे एवढंसं सोप्यात जाऊन सांगितलं, तर घरातलं शेंबडं पोरसुद्धा काळं बटन दाबेल. आणि नाही सांगितलं, तर दाबणारं माणूस लागेल. सांगावं असं तिला वाटत होतं, कारण खरं ते खरं. पण सटवाचा गुडघाही खराच होता.

संध्याकाळी विठ्ठलराव स्वतः गोठ्याकडं आले. एका गायीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "दगडाबाई, कंदील कोन मालवत हुतं गं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"तुला काई झालं न्हाई?"

"ह्यांचा गुडघा तेवडा धरला," दगडाबाई म्हणाली. "पर त्यो आदीपासून हाय."

विठ्ठलरावांनी गुडघ्याचा हिशेब मनात करून पाहिला. तो परवडण्यासारखा निघाला. "मंग हे काळंबी तूच दाब."

"दाबते की. पर खोली सोडल्यावर डोंगरातून रोज कशी यीन, मालक?"

"ते साहेब गेल्यावर बघू," विठ्ठलराव म्हणाले आणि गेले. दगडाबाईला त्यांच्या 'बघू'चा अर्थ ठाऊक होता. त्या 'बघू'त मोहनराव नावाच्या त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न चार वर्षं अडकून पडलं होतं.

त्या दिवसापासून काळं बटन दगडाबाई दाबू लागली. सोप्यात यायची, खांबापाशी उभी राहायची, ज्योत नसलेल्या दिव्याकडं बघून तेच म्हणायची, "जा बाई, माहेरी जाऊन ये," आणि दाबायची. केसरबाई तेवढा वेळ तोंड फिरवून बसायची. पंडित तर बाहेरच जायचा.

बेस्तरवारी दिवस मावळताना तालुकदार साहेब आले. उंच, वाळलेले, चष्मा लावलेले आणि दिवसभराच्या धुळीनं गप्प झालेले. बरोबर दौत आणि कागद घेऊन एक पेशकार होता. साहेब लोडाला टेकले. विठ्ठलरावांनी पांढरं बटन दाबलं आणि सात दिवे एकदम लागले.

"अच्छा है," साहेब म्हणाले.

विठ्ठलरावांना याहून जास्त अपेक्षा होती. पण साहेब उठले आणि स्वतः खांबापाशी गेले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पट्टी बघितली. "और यह?" असं म्हणून त्यांनी सहज काळ्या बटनावर बोट नेलं.

केसरबाईच्या हातातलं ताट खाली गेलं. विठ्ठलरावांनी पुढं झेप घेतली आणि तालुकदार साहेबांचं मनगट धरलं.

 पेशकारानं लेखणी उचलली, ती काय लिहायला हे त्यालाही माहीत नसावं. आपण सरकारचा हात धरला आहे, हे विठ्ठलरावांच्या हळूहळू ध्यानात आलं. मनगट कसं सोडायचं ते त्यांना आठवेना.

"हुजूर," ते म्हणाले, "ते आमचं काम न्हाई. तुमचंबी न्हाई. ते दगडाबाईचं हाय."

साहेबांनी आपल्या मनगटाकडं बघितलं. मग विठ्ठलरावांकडं. तीस वर्षं त्यांनी या मुलखात दौरे केले होते. पाणी सोडायचा मान एकाचा, होळी पेटवायचा दुसऱ्याचा, वेशीतून पहिला बैल न्यायचा तिसऱ्याचा, आणि त्यावरून फुटलेली डोकी त्यांनी मोजली होती. त्यांना हे अजिबात नवं वाटलं नाही.

"वतन है?" त्यांनी विचारलं.

"जी हुजूर," पंडित म्हणाला. पंडित साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला हेच म्हणायचा.

"कब से?"

"जब से बटन है, हुजूर."

"यानी शुरू से," साहेब म्हणाले आणि पेशकाराकडं मान हलवली. पेशकार लिहू लागला. "इस हक के साथ क्या है?"

आता पंडिताला 'जी हुजूर' म्हणता येईना. त्यानं विठ्ठलरावांकडं बघितलं. विठ्ठलराव आपल्या हाताकडं बघत होते, तो नुकताच सुटला होता.

दगडाबाई दारात उभी होती. ती पुढं आली. "येक खोली हाय, हुजूर," ती म्हणाली. "दार आसलेली."

"खोली, दरवाज़े समेत," साहेब म्हणाले आणि पेशकारानं तेही लिहिलं. मग साहेबांनी विठ्ठलरावांना विचारलं, "ठीक है?"

एखाद्या माणसानं नुकतंच सरकारचं मनगट धरलेलं असलं, तर त्याला फार बोलता येत नाही. "ठीक हाय हुजूर," विठ्ठलराव म्हणाले.

साहेबांना तो हक्क बघायचा होता. दगडाबाई म्हणाली, हुजूर जेवतील, निजायला जातील, मग. मधीच दिवा घालवत नसतात. साहेबांनी मान डोलावली. जेवण झालं, साहेब उठले, दगडाबाईनं काळं बटन दाबलं, आणि तालुकदार साहेब कंदील मागवून अंधारात हसल्यासारखा आवाज करत निजायला गेले. जुन्या कंदिलांतला एक दगडाबाईनं घासूनच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब गेले. कागदाची नक्कल पंडितानं विठ्ठलरावांना वाचून दाखवली, दोनदा. बरण्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न उरला होता. सावली, वारा आणि माणसं लांब. शेवटी त्या विठ्ठलरावांच्या बैठकीच्या खोलीत गेल्या. ते आता सोप्यात बसून लोकांना भेटू लागले, आणि कुणी विचारलं तर सांगायचे की वारा लागतो इथं.

मिस्त्री सामान बांधत होता. दगडाबाईनं त्याच्या वाटेसाठी दोन भाकरी आणि ठेचा बांधून आणला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्यांना पात्यांचं सांगितलं नाही."

"कुनी इचारलं न्हाई."

मिस्त्रीनं पुरचुंडी कपाळाला लावली आणि गाडीत चढला.

त्यानंतर आठेक दिवसांनी, भर दुपारी, घर सामसूम असताना केसरबाई दिवेखोलीच्या दाराशी आली. दार उघडंच होतं, तरी तिनं कडी वाजवली.

"दगडाबाई, येक इचारू? ते काळं दाबलं की खरंच काय हुतंय गं?"

दगडाबाईनं सटवाकडं बघितलं. सटवानं पाय लांब करून तिच्याकडं बघितलं. कागद पेटीत होता. ती उठली, केसरबाईला घेऊन सोप्यात गेली आणि तिनं पांढरं बटन दाबलं. उन्हात दिवे फिकट लागले.

"आक्का, बोट द्या."

"नको गं."

"द्या तर. आत दोन पितळी पात्या हायेत, काई मरत बिरत न्हाई. बरनीतलं बरनीत ऱ्हातंय. मिस्त्रीनं उघडून दावलंय मला."

केसरबाईनं आधी देवघराकडं बघितलं, मग दाराकडं. मग डोळे गच्च मिटून बोट पुढं केलं. दगडाबाईनं ते धरून काळ्या बटनावर ठेवलं. खट् झालं. केसरबाईनं एक डोळा उघडला. घर जागच्या जागी होतं. नवरा पलीकडं घोरत होता, ते ऐकू येत होतं.

तिनं परत पांढरं दाबलं. परत काळं. परत पांढरं. पाच-सहा वेळा असं झालं आणि तिला हसू आवरेना, तेव्हा तिनं पदर तोंडात धरला.

"इतकंच?"

"इतकंच."

केसरबाई खांबाला टेकली. "हे ह्यांना सांगू नको," ती म्हणाली. "पंडितालाबी नको. येवडं तरी येक काम घरात आसू दे, ज्याला हे समदे घाबरत्यात."

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर विठ्ठलराव जांभई देत म्हणाले, "दिवे?" केसरबाई भिंतीकडं तोंड फिरवून बसली आणि घरभर ऐकू जाईल अशी हाक तिनं मारली, "दगडाबाई, यिवून जा गं. दिव्यास्नी माहेरी धाडायचंय."